डबल एक्सएलचा बस्ता

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर कापड विकलं. कपडे विकले नाहीत. हा फरक ते इतक्या तोऱ्यात सांगायचे, की लहानपणी मला शिवलेले कपडे विकणारी माणसं जरा कमी प्रतीचीच वाटायची. जळगावात आधी त्यांची एक गादी होती. पांढरीशुभ्र खोळ, तिच्यावर मांडी घातलेले आबा आणि समोर साड्या, धोतरं, शर्ट-पँटचे पीस. मग शेजारचा गाळा घेतला, पुढे पिंप्राळ्यात दुसरं दुकान काढलं. लग्नाचा बस्ता फाडायचा, म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी करायची, तर असोद्यासारख्या आसपासच्या गावांतली माणसंही आमच्याकडेच यायची. शिवलेला एकही शर्ट मात्र आबांनी दुकानात येऊ दिला नाही.

धुळ्याचं दुकान माझ्या हट्टामुळे झालं. लग्न होऊन मी धुळ्याला आले, लेक कॉलेजात गेली आणि माझे हात रिकामे झाले. मला रेडिमेडचं दुकान हवं होतं.

"तयार कपडा? आपला दुकानमा?" आबा असं म्हणाले, जणू मी दारूचं दुकान मागत होते. मी दोन महिने भांडले. मी भांडायला लागले की आमच्या घरात शहाणी माणसं हो म्हणून मोकळी होतात.

दिवाळीत दुकान सुरू झालं आणि थंडीबरोबर थंडावलं. लोक यायचे, आरशासमोर उभे राहायचे, "छान आहे हं" म्हणून निघून जायचे. आबांनी आखाजीपर्यंतची मुदत घातली. "आखाजी लगून दखूत. नही चालनं तर शटर खाल." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात लेकींनी माहेरी जायचा सण. यंदा मी माहेरी दुकानदार म्हणून जाणार की दुकान बुडवून, एवढाच प्रश्न होता, आणि त्याने माझी झोप उडाली होती.

वाट दाखवली लेकीने. एका मोठ्या कंपनीने जपानी स्टुडिओंशी करार करून ॲनिमेची, म्हणजे तिथल्या ॲनिमेशन मालिकांतली, चित्रं छापलेले टी-शर्ट काढले होते आणि आता आमच्यासारख्या शहरांतल्या दुकानांनाही ती माल देणार होती. "आई, माझा अर्धा वर्ग हे ऑनलाइन मागवतो. आपल्याकडे आले तर उड्या पडतील." मी चित्रांना कार्टून म्हटलं, तर तिने कपाळाला हात लावला. आबांनी फोनवर चित्र पाहिलं. हातात तलवार आणि केस साळिंदरासारखे उभे राहिलेला मुलगा. "ह्या पोर्‍याना डोकाले कोन्ही तेल लावत नही का?" ते म्हणाले, पण होकार दिला.

धंदा आबांच्या नावावर, म्हणून ऑर्डर पक्की करायला कंपनीतल्या मुलीने त्यांनाच फोन केला. तिने विचारलं, कोणत्या साइझचे किती पाठवू? आता ज्या माणसाने जन्मभर पाच वार, नऊ वार आणि सव्वादोन मीटरच विकलं, त्याला साइझचं काय? आबा म्हणाले, सगळे मोठ्यात मोठे द्या. आणि त्या बापडीने दिले.

सहा खोकी आली. लेकीने पहिलं उघडलं. डबल एक्सएल. दुसरं, डबल एक्सएल. सहाही. मी जळगावला फोन लावला आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. आबा शांत होते. "धुवावर आटी जास. आनि पोरं वाढतस." माल परत घेणार नाही, हे कंपनीने आधीच सांगितलं होतं. मी गल्ल्यामागे बसून खरंच रडले.

लेकीने मात्र चटकन एक काळा टी-शर्ट अंगात घातला. खांदे कोपरापर्यंत उतरले. "आई, हल्ली असेच ढगळे घालतात!" दुसऱ्या दिवसापासून तिची मित्रमंडळी यायला लागली. दोन आठवड्यांत काळे सगळे संपले. त्या पोरांना काळ्याशिवाय रंगच माहीत नाही. उरले पिवळे, केशरी आणि पांढरे. चार खोकी भरून.

आखाजीला तीन आठवडे उरले असताना आबा एसटीने धुळ्याला आले. बरोबर जळगावची गादी होती, गुंडाळून आणलेली. माझ्या चकचकीत फरशीवर त्यांनी ती अंथरली. त्यांना उभ्याने माल विकताच येत नाही. मी लाजेने आत पळाले.

त्याच दुपारी जवळच्या खेड्यातलं एक कुटुंब दारात उभं राहिलं. नवरी, तिची आजी, काका, मामा, भाऊ, जावई, पंधराएक माणसं. रस्त्यावरून गादी दिसली आणि आजी थेट आत शिरली. बसल्या बसल्या तिने आहेराचे शर्ट-पीस मागितले.

नवरी फणकारली. "आजी, पीस कोन्ही शिवत नही. कपाटमा पडी राहतस."

आबांचा चेहरा उतरला. पन्नास वर्षांचा धंदा एका वाक्यात कपाटात गेला. मला त्यांची फार दया आली आणि त्या मुलीचा रागही, जरी ती खरं बोलत होती. तिची नजर मांडणीवरच्या पिवळ्या टी-शर्टवर गेली. त्यावर गलेलठ्ठ मांजर होतं. "हाई हळदले सगळा भाऊ घालतीन तर?" मग तिनेच विचारलं, पण इतक्या जणांची मापं कुठून आणायची?

आबा गादीवर ताठ झाले. आहेराला पीस का देतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? घेणाऱ्याचं माप माहीत नसतं म्हणून. त्यांनी एक टी-शर्ट साडी उलगडावी तसा झटक्यात उलगडला आणि सगळ्यांत जाड मामांकडे टाकला. मामांनी शर्टावरूनच चढवला. बसला. दुसरा सगळ्यांत काटक भावाकडे. ढगळा, पण रुबाबदार. नवरी टाळ्या वाजवायला लागली.

"काया दखाडू नका," आजीने बजावलं. लग्नात काळं चालत नाही. काळे उरलेच नव्हते. मी आत तोंडाला पदर लावून हसत होते.

आबा पेटले. तलवारवाला, मांजरवाला, तेल न लावलेला अशी नावं देत त्यांनी ढीग उलगडला. चहा आला, दुसऱ्यांदा आला. आजीने जावयांसाठी निवडताना चित्रं चष्मा लावून पाहिली आणि रागीट तोंडाची बाजूला काढली. त्या हळदीचे फोटो मोबाइलवर फिरले आणि त्यानंतर आणखी चार लग्नघरांनी आमच्या त्या एकाच मापाचा बस्ता फाडला. शेवटचं खोकं मीच चिरून सपाट केलं.

आखाजीला मी जळगावला गेले. जेवणं झाल्यावर आबांनी दरवर्षीसारखी साडी हातात ठेवली. साडीवर एक टी-शर्ट होता, मी कधी न पाहिलेल्या चित्राचा. आमच्याकडे असला माल आलाच नव्हता.

"दुसरा माल मांगाडा," आबा म्हणाले. "ह्या बखतले बठ्ठा साइझ."

म्हणजे या खेपेला सगळ्या मापांचा माल त्यांनी आपणहून मागवला होता. मी लेबल पाहिलं. एक्सएल. मी मीडियम आहे, निदान लग्नात तरी होते. भांडणाच्या पवित्र्यातच मी तो साडीवरून चढवला.

बरोब्बर बसला.