औषधापुरता डाग

मंडळी, आज शिरूरहून मशीन घेऊन दौंडला गेलो होतो. अंगण प्रेशरच्या पाण्यानं धुवायचं आणि सागवानी दाराला पॉलिश करायचं.

घरमालक आबा रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना फुशारकीनं म्हणालो, "आबा, डाग औषधालाबी ठेवत न्हाई!"

चौकटीवर डोक्याच्या उंचीला काळपट, तेलकट डाग होता. पॉलिश पेपर लावणार, तोच आबांनी माझा हात धरला.

"सत्तर-एकाहत्तरला नवं लगीन झालेलं. ड्युटीवरनं कवा येईन, नेम नसायचा. ही हितं डोकं टेकून वाट बघायची. तिच्या केसाचं तेल हाय ते. आता ती न्हाई. तेवढा औषधाला ठेव."

ठेवला.

तुमच्याही घरात असा डाग असेल, तर कामाआधीच दाखवा.