सईच्या चिठ्ठीत अँटिबायोटिक नव्हतं

"अपेंडिक्सच आहे. आजच ऑपरेशन करू," सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी लेक गौरी तोच रिपोर्ट पुन्हापुन्हा बघायला लागली. तिची आठ वर्षांची सई मात्र विचारत होती, "म्हणजे उद्याची चाचणी बुडणार ना?"

अपेंडिसायटिस म्हणजे आतड्याला शेपटीसारखी एक बारीक नळी असते, अपेंडिक्स, तिला आलेली सूज. सईचं पोट आधी बेंबीपाशी दुखत होतं. सकाळी दुखणं खाली उजवीकडे सरकलं, पोर वाकून चालायला लागली. मी हिंगाची डबी शोधतेय तोवर गौरीने तिला रिक्षात घातलंसुद्धा. नवीन पनवेलचं हॉस्पिटल जवळ, म्हणून बरं.

आता भीती एकच. अपेंडिक्स फुटलं तर नसेल?

"चिरा देण्याआधी अँटिबायोटिकचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाचा, एक डोस शिरेतून देऊ," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "फुटलेलं नसेल तर तेवढा पुरतो. फुटलं असेल तर पोटात पू पसरतो, मग ते औषध पुढे काही दिवस चालू ठेवावं लागतं."

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर उरणकडच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या मुलाचं फुटलं होतं. "सलाईनीतून औषध चालू हाय अजून. पन ताप नाय आता, हसतो पोरगा," त्या म्हणाल्या. धीर मी द्यायचा, तर चहा त्यांनीच मला पाजला.

दार उघडलं, डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "फुटलं नव्हतं. वेळेत आणलंत."

गौरी रडली. मी नाक पुसलं आणि एसीला नावं ठेवली.

घरी सोडताना चिठ्ठीवर फक्त दुखण्याचं औषध. माझी जीभ वळवळली. तरुणपणी मी भारीच शहाणी! ज्याच्या सुईने लंगडत घरी यावं, तोच माझ्या लेखी मोठा डॉक्टर. गौरीच्या सर्दीला एकाने नुसती विश्रांती सांगितली, तर "ह्याला काही येत नाही" म्हणत तिला काखोटीला मारून दुसरा दवाखाना गाठला. तिथे सुई मिळाली. गौरी बोंबलतेय आणि मी खूश!

ती तेव्हाची बाई अजून माझ्यात आहेच. "अहो, अँटिबायोटिक लिहायचं राहिलं का?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलंच.

"राहिलं नाही, आजी. सईला आता गरज नाही. उगाच दिलं तर पोट बिघडतं, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा ते लागू पडेनासं होतं. ताप आला, उलट्या झाल्या, जखम लाल झाली, तर मात्र लगेच आणा."

"आजी," सई म्हणाली, "एवढी आवड असेल तर तूच घे ना एक इंजेक्शन!"

तुमच्या घरी कुणाचं पोट असं सरकत दुखलं, तर हिंग शोधत बसू नका. आणि डॉक्टरांनी औषध दिलं तर पुरं करा, नको म्हणाले तर मागे लागू नका. दुसरं मला जास्त जड गेलं.

बिल्डिंगमधल्या बायका सईला बघायला येतात. आल्या आल्या प्रश्न, "अँटिबायोटिक कुठलं दिलंय?"

मी पदर सावरून ऐटीत सांगते, "एकही नाही. आमचं फुटलंच नव्हतं!"