नदीच्या शेपटाकडची काठीवाली

काठीवालीला निम्मी माणसं मूर्ख वाटत आणि उरलेली लबाड. साहेब लोक तिला दोन्ही वाटत.

नदी अकराशे किलोमीटर लांब आहे, असं शाळेच्या पुस्तकात होतं. बर्फाच्या डोंगरात उगम पावते, कोरड्या मैदानात उतरते, कालव्यांनी बागा आणि कापूस पिकवते आणि शेवटी समुद्राला मिळते. यातलं शेवटचं वाक्य धडधडीत खोटं होतं. ते खोटं रोज सकाळी आठ वाजता डोळ्यांनी बघायचं, यासाठी सरकार काठीवालीला पगार देत होतं. नदीवरच्या शेवटच्या पुलाच्या खांबाला आकडे रंगवलेली एक उंच काठी ठोकलेली होती. पाणी कितव्या आकड्याला टेकलंय ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि शनिवारी तक्ता ऑफिसला पाठवायचा. आधी हे काम नवरा करायचा. तो गेला आणि नोकरी तिच्याकडे आली. त्या वेळी काठीशी गुडघाभर पाणी असे. मग ते घोट्यावर आलं. आता नऊ वर्षं तिथे भेगाळलेला चिखल होता आणि त्याच्यावर मिठाची पांढरी साय.

पाणी जातं कुठं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. सासरची माणसंच नदीभर पसरलेली होती. डोक्याशी, मोठ्या बंधाऱ्यावर, दीर दारं उघडायचा आणि पाडायचा. मधल्या पट्ट्यात नणंदेचा कापूस. आणि शेपटाला ही.

"वहिनी, आमचा कालवा फुटला," नणंदेने एकदा फोनवर सांगितलं. "तीन दिवस रस्त्यावरून पाणी वाहतंय. चालायची पंचाईत झालीय नुसती."

"हो का, वन्सं," काठीवाली म्हणाली. "जपून चाला. घसराल." आणि फोन ठेवून दिला.

तिच्या तक्त्यात सगळीकडे शून्य असे. नवव्या वर्षी ऑफिसला ते खुपलं. तक्ता परत आला आणि त्याच्या मागोमाग इस्त्रीच्या कपड्यांतले छोटे साहेब आले.

"बाई, शून्य चालत नाही," ते म्हणाले. "कॉम्प्युटर घेत नाही. यंत्र बंद आहे असं समजतो."

"यंत्र चालू आहे, साहेब. नदी बंद आहे."

"मग मागच्या वर्षीचा आकडा टाका ना."

"मागच्या वर्षीही शून्यच होतं."

"त्याच्या मागच्या वर्षीचा?"

तिने डोक्यावरून पदर घेतला, पाण्याची बाटली उचलली आणि त्यांना घेऊन पात्रात उतरली. दोन तास ती दोघं वाळूतून चालली. शेवटी वरच्या शेतांमधून निचरून आलेलं काळपट, खारट पाणी एका ओघळीतून येऊन वाळूत नाहीसं होत होतं.

"संपली," ती म्हणाली. "समुद्र इथून चाळीस किलोमीटर. तुमच्या नकाशात इथून पुढेही निळी रेघ आहे."

छोट्या साहेबांनी बुटातली वाळू झटकली, ओघळीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे पाणी आहे तर," असं म्हणून त्यांनी ओघळीचा फोटो काढला, ती मोठी दिसावी म्हणून खाली वाकून. त्यांच्या आईवडिलांनी यांच्या शिक्षणासाठी काय काय सोसलं असेल, असा विचार काठीवालीच्या मनात आला आणि तिला त्या दोघांची दया आली.

पुढच्याच वर्षी काठीच्या या मोजणी ठाण्याला पन्नास वर्षं झाली. मोठे साहेब येणार म्हणून काठीला नवा रंग लागला, पुलावर तंबू ठोकला गेला आणि त्या दिवशी सकाळी दोन टँकर आले. काठीभोवती मातीचा बांध घालून आत पाणी सोडायचं होतं. वस्तीच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं. बायका हंडे घेऊन लांबून बघत होत्या. पहिला टँकर रिकामा झाला तशी काठीवाली दुसऱ्याच्या आडवी उभी राहिली.

"हा वस्तीत ने," तिने ड्रायव्हरला सांगितलं.

"बाई, ऑर्डर इथली आहे."

"मोजणारी मी आहे. नदीला एवढं पुरे."

ड्रायव्हरने एकदा तंबूकडे पाहिलं, एकदा हंड्यांकडे, आणि गाडी वळवली.

मोठे साहेब भाषणात म्हणाले की ही नदी आपली आई आहे. आईला टँकरने पाणी पाजणारा मुलगा काठीवाली पहिल्यांदाच बघत होती. मग त्यांनी तिला जवळ बोलावलं. "काय बाई, आज किती पाणी?"

"सात सेंटीमीटर, साहेब. एक टँकर. दुपारपर्यंत मुरेल."

मोठे साहेब हसले, म्हणून सगळे हसले. तिने वहीत तसंच लिहिलं: सात, आणि शेऱ्यात 'टँकर'. वार्षिक पुस्तकात सात छापून आले. शेऱ्याला जागा नव्हती म्हणे.

ती निवृत्त झाली तेव्हा दिराने हट्टच धरला, चार दिवस तरी या. ती दोन दिवस बसने गेली आणि वाटभर त्याला काय काय सुनवायचं ते जुळवत राहिली. पण बंधाऱ्यावर चढली आणि ते जुळवलेलं कुठल्या कुठे गेलं. समोर नदी होती. पलीकडचा काठ धुक्यासारखा दिसत होता आणि दारांखालून असा आवाज येत होता की दिराचं बोलणं ऐकू येईना. तिने पायऱ्या उतरून पाण्यात पाय घातला. कळ मस्तकात गेली, इतकं गार. तीस वर्षं नदीच्या नोकरीत काढली आणि नदी कशी असते ते आपल्याला माहीत नव्हतं, याचा तिला संताप आला. इतक्या वर्षांत स्वतःला मूर्ख म्हणायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

"यातलं खाली किती सोडता, भाऊजी?" तिने वर येऊन विचारलं.

"वरून सांगतात तेवढं."

"जास्त कधीच नाही?"

दीर कठड्याचा गंज नखाने खरवडत राहिला. "एकदा सोडलं होतं," तो म्हणाला. "दादा गेला तेव्हा. मला रजा मिळाली नाही यायला. एक दार वीतभर जास्त उघडं ठेवलं, आठ दिवस. मेमो मिळाला त्याचा." मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे पोचलं होतं का?"

नोकरीच्या त्या पहिल्या आठवड्यातले आकडे तिला तोंडपाठ होते. एका सेंटीमीटरचाही फरक नव्हता.

"नाही, भाऊजी," ती म्हणाली. "नाही पोचलं."

"वाटलंच होतं," दीर म्हणाला, आणि तिला चहाला घेऊन गेला.

चार दिवसांसाठी आलेली ती बारा दिवस राहिली. परतताना बसचा रस्ता काठाकाठाने होता. प्रत्येक कालव्याच्या तोंडाशी नदी थोडी थोडी रोडावत गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तर नुसतीच वाळू चकाकायला लागली. शेजारच्या बाईने ऊन लागतं म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि काठीवालीला विचारलं, "कुठवर जाणार?"

"शेवटपर्यंत," काठीवाली म्हणाली आणि पडदा परत उघडला.