डाव्या पायाचं माप

टाचणीबाईचं खरं नाव कुठल्याच गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं. ब्लाउजचं माप घेताना ओठांत सहा टाचण्या धरून ती बोलायची. "हात वर करा" हे "हाफ फर फरा" असं ऐकू यायचं, आणि नवी बाई दोन्ही हात वर करून पोलिसांसमोर उभी राहावी तशी उभी राहायची.

आजाराचं नाव मात्र तिला टाचण्या काढूनच घ्यावं लागे. मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूतून निघालेल्या वायरींचं प्लॅस्टिक सोलवटतंय असं समजा." "मग शॉक बसेल का?" हिचा प्रश्न. डॉक्टर हसले नाहीत.

पहिल्या बाळंतपणात कळांपेक्षा पायांनीच तिचा जीव काढला. प्रत्येक कळेला दोन्ही पाय फळीसारखे ताठ व्हायचे. दोन नर्सना वाकवता येईनात. एकोणीस तास. म्हणून या खेपेला तिने ठरवलं होतं, पाठीतली भुलीची सुई घ्यायचीच.

नणंदेने बातमी आणली. तिला सगळ्यातलं सगळं कळायचं. "वहिनी, माझ्या मैत्रिणीच्या जावेचं सांगते हं. पाय आधीच बधिर असेल ना, तर सुई देतच नाहीत. सरळ 'नाही' म्हणतात, झालं!"

आणि पाचव्या महिन्यापासून डावा पाय टाचेकडून बधिर होत वर चढत होता. शिलाई मशीन ती एकट्या उजव्या पायाने हाकत होती. दर सोमवारी टाच ते गुडघा टाचणी टोचत जायची, जिथे टोचल्याचं कळेल तिथपर्यंत टेप लावायची आणि इंचांचा आकडा मापाच्या वहीत, डाव्या बाहीचा असल्यासारखा, 'डावी' म्हणून लिहायची. घरात कुणाला पत्ता नाही.

भुलीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलणं स्टेशनावरच्या घोषणेसारखं. "डोळे मिटा. टोचलं, की सांगा."

टाचणीबाईने पापण्या किंचित किलकिल्या ठेवल्या. टाचणी कुणाच्या हातात कधी खाली येते, हे तिला कुणी शिकवायचं? "टोचलं. टोचलं. आई गं, हळू की बाई!"

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं: संवेदना पूर्ण.

ठरल्या दिवशी सकाळी दहाला सुई दिली. कळा दूर शेजारच्या घरात गेल्यासारख्या झाल्या, पाय मऊ पडून राहिले. "आधी का नाही आलात हो?" असं तिने सुईलाच विचारलं. दुपारी मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी उजवा पाय हलत होता. डावा मांडीपर्यंत मेलेला.

"सुईनंच केलं! मी आधीच म्हटलं होतं!" नणंद म्हणाली. तिने असलं काही म्हटलं नव्हतं. नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा.

मोठे डॉक्टर आले. फाइल उघडली. "संवेदना पूर्ण, ताकद पूर्ण. मग हे काय?"

"सर, मी तपासलं होतं," तरुण बाईंचा घोषणेचा आवाज चिंधीएवढा झाला होता.

"यापुढे या आजाराच्या बाईला आपल्याकडे पाठीत सुई नाही. लिहा."

टाचणीबाईच्या डोळ्यांसमोर ते एकोणीस तास आले. ते आता आणखी कुणाचे तरी होणार होते.

"थांबा. अहो, मापाची निळी वही आणा."

नवऱ्याने पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून वही आणली, आणि तिने वाचा म्हटल्यावर मोठ्याने वाचू लागला. "छाती छत्तीस, कंबर तीस, बाही आठ. डावी, तीन. डावी, सहा. डावी, नऊ... हे काय गं?"

"पाय. माझा. शेवटचा आकडा या सोमवारचा आहे. अकरा. मी बाईंना खोटं सांगितलं."

तरुण बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. "खरं सांगितलं असतं तरी दिली असती हो मी. आधी किती होतं, एवढंच लिहून ठेवायचं होतं."

मोठे डॉक्टर वही चाळत राहिले. "बाळंतपणानंतर हा आजार उसळी खातो, सुई असो वा नसो."

"मग तो नियम?" टाचणीबाईने विचारलं.

"बघू." ते गेले.

तरुण बाईंनी टाचणी घेतली. या वेळी टाचणीबाईने डोळे गच्च मिटले.

"टोचलं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

पाळण्यात मुलगी रडायला लागली. कुणी हललं नाही. गुडघा गेला, मांडी चढली.

"टोचलं."

नवऱ्याने टेप धरला. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "टेप ताणू नका. सैल धरा." मग डोळे उघडून आकडा स्वतःच वाचला. "सत्तावीस. डावी, सत्तावीस. लिहा, अकराच्या खाली."