आंब्याखालचा मुकादम

“खाली बघू नगंस, म्या हाय न्हवं!” असं वर चढणाऱ्या गड्याला ओरडून सांगायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि झाडापासून चांगलं लांब जाऊन उभं राहायचं, ही मुकादमाची पद्धत. पडणाऱ्या फांदीपासून स्वतःला जपावं ते त्यानेच. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. प्रत्येक कामावर एक असतोच.

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास मी लोणावळ्यात मुंबईच्या मालकांचा एक बंगला सांभाळायचो. पावसाळ्याआधी कौलांवर आलेल्या फांद्या उतरवाव्या लागत. परंदवडीचा हा मुकादम त्यासाठी तिकोणा पेठेकडच्या वाडीवरची माणसं घेऊन यायचा. स्वतः उभ्या आयुष्यात स्टुलावरसुद्धा चढला नसावा. पण बोलणं ऐकावं तर अख्खा मावळ यानेच छाटलेला. मालक आले की कोयता हातात घ्यायचा, मालकांची पाठ फिरली की खाली ठेवायचा. मला त्याची शिसारी यायची आणि ती मी लपवतही नव्हतो.

“भाऊ, तुमास्नी झाडातलं काय कळतंय?” असं तो मला वरचेवर ऐकवायचा.

त्याच्या टोळीत कोंडू चढणारा आणि त्याची बायको ठकी फांद्या गोळा करणारी. एका दुपारी कोंडू परसातल्या जुन्या आंब्यावर होता. अर्धी तोडलेली फांदी मध्येच चिरली आणि तिचा बुडखा त्याच्या डोक्यावर बसला. तो घसरला, पण कमरेला दोर होता म्हणून अधांतरी लोंबकळत राहिला. शुद्ध हरपलेली आणि दोर पोटात रुतून श्वास कोंडत चाललेला. चढणारा दुसरा गडी त्या दिवशी आलाच नव्हता.

मुकादम म्हणाला, “शिडी आना!” शिडी निम्म्यापर्यंतही पोचत नव्हती. मग म्हणाला, “मालकास्नी कळवाया पायजे.”

तोवर ठकीने कासोटा आवळला, कोयता कमरेला खोचला, उरलेला दोर खांद्यावर टाकला आणि बुंध्याला हात घातला. तेव्हा कुठे हा पठ्ठ्या झाडाजवळ आला. तोही तिला अडवायला.

“बाईमानसानं फळाच्या झाडावर चढू न्हाई! आंबा वठंल! मालकास्नी काय सांगू?”

“माजा मानूस चाललाय वर. सोड!” ठकी म्हणाली.

मी त्याला बाजूला ढकललं. कुणाला ढकलून इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

ठकी सरसर वर गेली. कोंडूच्या काखांखालून दोर घेऊन तिने गाठ मारली, तो वरच्या बेचक्यातून घातला आणि टोक खाली सोडलं. “भाऊ, बुंध्याला दोन येढं द्या. म्या म्हनंन तसंच सोडा.” जड फांदी कौलांवर आदळू नये म्हणून ती उतरवायची हीच रीत. मी वेढे देऊन दोर ताणून धरला, मग तिने कोंडूच्या कमरेचा दोर तोडला. माझ्या हातातला दोर करकरत सुटत गेला आणि कोंडू हळूहळू गवतावर टेकला. त्याने मोठा श्वास घेतला तेव्हा मला रडूच आलं.

मुकादम म्हणाला, “आता तिला लौकर उतरवा. कुनी बघंल.”

आंबा वठला नाही. पुढच्या साली तो लगडला, तेव्हा मुकादमाने आपल्या छाटणीची तारीफ मालकांकडून ऐकून घेतली. कोंडूला आपणच उतरवलं, हेही त्याने गावभर केलं. कोंडू-ठकीने त्याच्याकडचं काम सोडलं.

काही वर्षांनी मुकादम वारला. तेराव्याला मी रीत म्हणून गेलो. कोंडू आणि ठकीही आले होते. पंगत बसली आणि मुकादमाचा भाऊ वाढता वाढता सांगू लागला, “दादानं बेसुद गडी खांद्यावर घिऊन आंब्यावनं उतरवला व्हता!” पंगत माना डोलवू लागली.

कोंडूने हातातला घास पानात ठेवला.

“मला हिनं उतरवला,” बायकांच्या पंगतीकडे बोट दाखवून तो म्हणाला. “ठके, ऊठ.”

ती उठली. तेराव्याच्या भरल्या पानावरून उठणं म्हणजे गेलेल्या माणसाचा केवढा अपमान, हे मावळात कुणाला सांगावं लागत नाही. मीही उठलो. हात धुवायलासुद्धा थांबलो नाही.