ताईचं गाठोडं

क्लीन आणि स्टराईल या दोन शब्दांत फरक काय, हे माझ्या ताईला विचारू नका. विचारलंत तर तुमचा चहा गार झालाच म्हणून समजा. हॉस्पिटलच्या तळघरात, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत तिची उभी हयात गेली. "डोळ्यांना घाण दिसत नाही ते क्लीन," ती सांगते, "आणि ज्यावर एकही जंतू जिवंत नाही ते स्टराईल. थोडंसं स्टराईल असं काही नसतं."

यावरून घरात तिची यथेच्छ टिंगल चालायची. जेवताना मी पेला उजेडात धरून विचारायचो, "ताई, हा यातला कुठला?"

"क्लीन. तुला तेवढं पुरे."

मी पाट्या रंगवणारा पेंटर. एका लाँड्रीची पाटी रंगवताना शिडी सरकली आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घालायची ठरली, तीही ताईच्याच हॉस्पिटलात. दुपारची वेळ मिळाली. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, पाय ठणकतोय, उशाशी आई. पण बहीण खाली आहे म्हटल्यावर काळजी कसली, असं शेजारच्या पेशंटला ऐकवून मी मोकळा झालो होतो.

वेळ टळून गेली तरी न्यायला कुणी येईना. शेवटी ताईच वर आली, घामाघूम, डोक्यावरची टोपी तशीच.

"आज होणार नाही," ती म्हणाली. "तुझ्या हत्यारांचं गाठोडं मशीनमधून ओलं निघालं. चूक माझीच. तुझं लवकर व्हावं म्हणून मी मशीनमध्ये जास्तीची गाठोडी कोंबली. कापड सुकायला जागाच उरली नाही."

"ओलं म्हणजे कितीसं ओलं?" आईने विचारलं.

"हाताला गार लागेल इतकं."

"एवढंच? अगं, वाफेत उकडून निघालंय ते. स्वच्छ तर आहे ना!"

"क्लीन आहे, आई. स्टराईल नाही. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. एकदा हाडात पू झाला की पाय वाचवताना नाकी नऊ येतील."

"मग पुन्हा लाव मशीन!" मी ओरडलो.

"लावलंय. पण तोवर थिएटर अपघाताच्या केसला गेलं. तुझं आता उद्या सकाळी."

"सख्ख्या भावासाठी एवढंही जमत नाही तुला?"

"सख्ख्या भावासाठीच घाई केली होती," ती म्हणाली. "तीच नडली."

ती गेली. मी उशीवर डोकं आपटत राहिलो. मग सलाईन बदलायला आलेली सिस्टर हळूच म्हणाली, "वाफ नीट लागली की गाठोड्यावरच्या पट्टीच्या रेघा काळ्या होतात, त्या झाल्या होत्या हो. वर येईपर्यंत ती ओलही उडून गेली असती. त्या गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? स्वतःच डॉक्टरांना फोन केला आणि साहेबांची बोलणी खाल्ली."

पाय ठणकतच होता. पण त्या रात्री माझी छाती जी फुगली, ती आजतागायत उतरलेली नाही.

सकाळी थिएटरमध्ये नेलं. कंबरेखाली बधिर केलेलं, पण मी टक्क जागा. तिथल्या सिस्टरने गाठोडं आणलं, त्यावरून तळवा फिरवला. कोरडं ठणठणीत. पट्टीवर काळ्या रेघा आणि त्यांच्याखाली बांधणारीची सही. ताईचं तेच कोंबडीच्या पायांसारखं अक्षर, ज्याला मी पेंटर म्हणून जन्मभर नावं ठेवत आलो.

"सिस्टर," मी म्हणालो, "ही सही माझ्या ताईची आहे."

तिने मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. "काल ज्यांनी ओलं गाठोडं अडवलं, त्याच ना?"

"हो," मी म्हणालो. "तीच."