पाठीवरचा तळहात

आमच्या भुलीच्या डॉक्टरांनी ‘अजिबात दुखणार नाही’ असं कधी कुणाला सांगितलं नाही. सुई टोचायच्या आधी सगळे डॉक्टर जे हमखास सांगतात, नेमकं तेच ते सांगत नसत. “दुखंल,” ते म्हणायचे. “कवा दुखंल अन् किती येळ, ते आदी सांगतो. मग दुखणं अंगावर आलं तरी वळखीचं वाटतंय.”

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पण तुमचे आजोबा मंठाळच्या शेतात बांधावरून चालताना तुम्हाला फोनवर दिसतात, ते पुष्कळसं या माणसामुळे. म्हणून हे लिहून ठेवते.

आजोबांच्या कमरेतली गादी सरकली होती आणि डाव्या पायाची शीर दबली होती. पाटावरून उठताना त्यांना भिंतीचा आधार लागायचा. नौबादच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, शिरेजवळ सुईनं औषध सोडून बघू, गुण आला तर ऑपरेशन टळेल. ऑपरेशनला आजोबा कधीच तयार झाले नसते. पाठ उघडली की माणूस कायमचा खाटेला लागतो, अशी आमच्या गावात सगळ्यांची खात्री. तेव्हा सगळी मदार त्या सुईवर होती, आणि ती देणार होते भुलीचे डॉक्टर.

रोग्याशी बोलायचं तर ते स्टूल ओढून त्याच्यापेक्षा खाली बसत. मूळचे दुबलगुंडीचे, वडील मेंढरं राखायचे, आणि हे ते कौतुकानं सांगत. डॉक्टरांशी इंग्रजीतच बोलायचं, या सवयीप्रमाणे मी माझ्या शंका ओळीनं विचारल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“अक्का, तुमचे सवाल बराबर हायेत. पर पाठ अण्णाची हाय, म्हणून जबाब अण्णाला देतो.” आणि ते आजोबांकडं वळले. “कातडी बधिर करायची सुई लाल मुंगी चावल्यावानी लागंल. मग आत नुसता दाब. तुमाला झोपवणार न्हाई. सुई शिरंच्या लई जवळ गेली तर पायात करंट गेल्यावानी होतंय. तसं झालं की लगेच बोलायचं. तुमी गप बसलाव तर माझी सुई आंधळी.”

अडचण नेमकी तिथंच होती. आजोबांच्या घरात थोरल्यानं कण्हायचं नाही, असा त्यांच्या वडिलांचा दंडक. धाकटे भाऊ घाबरतात, म्हणून. हे मी डॉक्टरांच्या कानावर घातलं होतं. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक ‘कसं आहे?’ला मी एकच उत्तर ऐकत आले होते, “काय न्हाई.”

डॉक्टरांनी विचारलं, “आता दुखायलंय का?”

“न्हाई.”

“मग कामून आलाव इथं? चहाला?”

आजोबांना हसू आलं. डॉक्टरांची नजर तोवर त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर गेली होती. “ते काय हाय, दावा की.” निघाली गोळ्यांची पट्टी, बाजारातल्या दुकानातून आणलेली. मलाही तिचा पत्ता नव्हता.

“गुण हाय ह्याला,” आजोबा म्हणाले.

“गुण हाय म्हंजे दुखत होतं,” डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांचं हसणं थांबलं. “ह्या गोळ्यांनी रगत पातळ होतंय अण्णा. पाठीत सुई घालायच्या आदी हे मला कळाया पायजे.” त्यांनी गोळ्या बंद करून सुईची तारीख पुढं ढकलली.

दुखण्याला ते मेंढरामागचं कुत्रं म्हणायचे. “भुकायलंय म्हंजे कायतरी हाय. आदी बघायचं, मग गप करायचं.”

ठरलेल्या दिवशी मी दाराबाहेर बाकावर बसले होते. दार लोटलेलं होतं, आतलं बोलणं ऐकू येत होतं. सुरुवातीला डॉक्टर एकेक गोष्ट आधी सांगून करत होते. मग त्यांनी विचारलं, “पायात काय व्हायलंय का, अण्णा?”

“न्हाई.”

डॉक्टरांचा आवाज आला,

“मी सुई मागं घेतली. तुमी खोटं बोलायलाव, तुमची पाठ खरं बोलायली.”

नंतर मला कळलं, पहिल्यापासून डॉक्टरांचा डावा तळहात आजोबांच्या पाठीवर होता. हे वडिलांकडून घेतलेलं. लोकर कातरताना एक हात मेंढराच्या पाठीवर ठेवायचा, हात उचलला की जनावर बुजतं. त्या हाताखाली आजोबांचं अंग ताठ झालेलं त्यांना कळलं होतं.

“हितं तुमचे धाकटे भाऊ न्हाईत. मी हाय, भाईर अक्का हाय. आमाला सांगितलं तर काय जायलंय?”

मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. इतक्या वर्षांत न ऐकलेला आवाज आला. “पायात चमक गेली. लई दुखायलंय.”

“हां,” डॉक्टर म्हणाले. “आता मला दिसायलंय.”

औषध जिथं पोचायला हवं होतं तिथं पोचलं. निघताना त्यांनी नव्या गोळ्यांच्या वेळा मला सांगितल्या. जेवणानंतर, आणि दुखण्याची वाट न बघता. “कुत्रं भुकायच्या आदी भाकर टाकायची, अक्का.” काही आठवड्यांनी आजोबा भिंतीला हात न लावता पाटावरून उठले. ऑपरेशन टळलं.

पुढं डॉक्टरांनाच आजार झाला, हाडांत पसरलेला. कलबुर्गीला मुलाच्या घरी आम्ही त्यांना भेटायला गेलो. ती शेवटची भेट. ते कुशीवर निजले होते, अंगावर मांस उरलं नव्हतं. मुलगा दारात आम्हाला हळूच म्हणाला, “अप्पा काहीच सांगत न्हाईत. औषध वाढवावं का न्हाई, त्यांच्या डॉक्टरलाबी कळंना झालंय.”

आजोबांनी खुर्ची बाजूला सारून स्टूल ओढलं. कुणाला जवळ घेणं, हात लावणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर तळहात ठेवला.

“दुखायलंय का, डॉक्टर?”

“न्हाई अण्णा. बरं हाय.”

सून चहा ठेवून गेली. कपावर साय धरली तरी आजोबांचा हात तिथंच.

“तुमी खोटं बोलायलाव,” शेवटी आजोबा म्हणाले.

डॉक्टर हसले. हसता हसता त्यांनी डोळे मिटले.

“व्हय अण्णा. लई दुखायलंय.”

मुलगा त्यांच्या डॉक्टरला फोन लावायला बाहेर धावला. आजोबांनी हात उचलला नाही.